एकाच कुळातील दोन रोगजंतू

ताप, डोकेदुखी आणि उलट्या ही लक्षणे आपल्या ग्रामीण घरांना अपरिचित नाहीत. हिवताप, विषमज्वर, साधे पडसे अशा अनेक विकारांची सुरुवात याच लक्षणांनी होते आणि एक-दोन दिवस वाट पाहून मग दवाखान्याची पायरी चढण्याची सवय सर्वत्र आढळते. बहुतेक वेळा या विलंबाने फारसे बिघडत नाही. परंतु काही थोड्या रोगांत हा एक दिवसच जीवन आणि मरण यांतील अंतर ठरतो. मेनिंगोकॉकस या जीवाणूमुळे होणारा मस्तिष्कावरणशोथ, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह, हा त्यांपैकी एक प्रमुख रोग होय. सकाळी शाळेत गेलेले मूल रात्री बेशुद्ध होऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी ते उपचारांच्या पलीकडे गेलेले असू शकते.

याच जीवाणूचा एक सख्खा भाऊ आहे. त्याचे नाव गोनोकॉकस. तो पूयमेह, म्हणजे बोलीभाषेतील परमा, हा गुप्तरोग घडवून आणतो. हा रोग सहसा जीव घेत नाही, पण स्त्रीचे मातृत्व हिरावून घेऊ शकतो आणि नवजात बालकाची दृष्टीही नष्ट करू शकतो. एका रोगात वेळ दवडल्याने घात होतो, तर दुसऱ्यात लाजेपोटी रोग लपविल्याने. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र हे दोन्ही जंतू इतके सारखे दिसतात की केवळ आकारावरून त्यांतील फरक सांगता येत नाही. या दोघांत आणखीही एक साम्य आहे. माणसाच्या शरीराबाहेर त्यांना घर नाही. माती, पाणी, डास, उंदीर किंवा गुरेढोरे यांच्यात ते राहत नाहीत. ते माणसाकडून माणसाकडेच जातात आणि पुष्कळदा ज्याच्या अंगी ते असतात त्याला त्यांची गंधवार्ताही नसते. म्हणूनच या रोगांविरुद्धच्या लढ्यात औषधांइतकेच महत्त्व माणसांच्या जाणतेपणाला आहे.

ग्रॅमची रंगपरीक्षा

जीवाणूंचे वर्गीकरण करण्याची जी पद्धत आज जगातील प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाते, ती हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. ग्रॅम त्या वेळी बर्लिन येथे काम करीत होता. फुप्फुसाच्या ऊतकातील जीवाणू स्पष्ट दिसावेत म्हणून त्याने निरनिराळी रंगद्रव्ये वापरून पाहिली. जांभळा रंग दिल्यावर आयोडीनचा द्राव टाकावयाचा आणि मग अल्कोहोलने धुवावयाचे, असे केले असता काही जीवाणू जांभळा रंग घट्ट धरून ठेवतात, तर काहींचा रंग धुऊन जातो, असे त्याला आढळले. पुढे या कृतीत शेवटी तांबडा रंग देण्याची जोड देण्यात आली. त्यामुळे रंग गमावलेले जीवाणू गुलाबी-तांबडे दिसू लागले. जांभळे राहणारे ते ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि तांबडे होणारे ते ग्रॅम-निगेटिव्ह, अशी विभागणी रूढ झाली.

हा फरक निव्वळ रंगाचा नाही. तो जीवाणूच्या भिंतीच्या रचनेचा आहे. ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूची भिंत जाड असते. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूची भिंत पातळ असून तिच्याबाहेर स्निग्ध पदार्थयुक्त असे आणखी एक पटल असते. या बाह्य पटलातच ‘अंतर्विष’ नावाचे द्रव्य दडलेले असते. जीवाणू वाढत असताना किंवा मरताना हे विष रक्तात मिसळले, तर रक्तदाब एकाएकी घसरतो आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत रक्त गोठू लागते. हे बाह्य पटल अनेक औषधांनाही आत शिरू देत नाही. त्यामुळे काही मिनिटांत होणाऱ्या या साध्या परीक्षेवरून रोगाच्या स्वरूपाचा आणि उपयोगी पडणाऱ्या औषधाचा अंदाज वैद्याला बांधता येतो.

घराण्याची ओळख

आकाराने गोल असणाऱ्या जीवाणूंना गोलाणू म्हणतात. रोग उत्पन्न करणारे बहुसंख्य गोलाणू ग्रॅम-पॉझिटिव्ह आहेत. गळवातील पू किंवा घशाची सूज यांस कारणीभूत होणारे जंतू त्यांत येतात. ग्रॅम-निगेटिव्ह गोलाणूंचे घराणे त्यामानाने लहान आहे. त्यातील नायसेरिया ही प्रजाती सर्वांत महत्त्वाची असून मेनिंगोकॉकस आणि गोनोकॉकस हे तिचेच दोन सदस्य होत. हे जंतू जोडीने राहतात. घेवड्याचे दोन दाणे त्यांच्या आतल्या सपाट बाजू समोरासमोर येतील असे ठेवावेत, तशी ही जोडी दिसते. प्रत्येक दाणा एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान असतो.

याच गटात मोडणारा मोराक्सेला कॅटॅऱ्हॅलिस हा जंतू अनेकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाक-घशात वास्तव्य करतो. मुलांचा कान फुटणे, नाकाजवळील पोकळ्यांचा दाह आणि धूम्रपानाने फुप्फुसे दुबळी झालेल्या वृद्धांचा खोकला बळावणे यांत त्याचा हात असतो. व्हेलोनेला नावाचे प्राणवायूविना वाढणारे गोलाणू तोंडात आणि आतड्यात राहतात व ते क्वचितच उपद्रव देतात. घशात निरुपद्रवीपणे राहणाऱ्या नायसेरियाच्याही इतर अनेक जाती आहेत. सामाजिक आरोग्याच्या दृष्टीने विचार करावयाचा तो मात्र मुख्यतः पहिल्या दोघांचाच.

हे दोन्ही जंतू अतिशय नाजूक आहेत. कोरडी हवा आणि थंडी त्यांना सोसत नाही. प्रयोगशाळेत त्यांची वाढ करण्यासाठी रक्त तापवून तपकिरी केलेले विशेष पोषणद्रव्य लागते. मस्तिष्कावरणशोथाच्या रुग्णाच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाचा नमुना जंतूंच्या वाढीसाठी पाठवावयाचा असेल, तर तो शीतपेटीत न ठेवता ताबडतोब प्रयोगशाळेत पोचवावा, असे सांगितले जाते ते याच कारणाने. इतर नमुने बर्फात पाठविण्याची सवय झालेल्या कर्मचाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मेनिंगोकॉकस : घशातील मूक पाहुणा

जिनिव्हा शहरात १८०५ मध्ये पसरलेल्या एका साथीचे वर्णन गास्पार व्ह्यूसो या वैद्याने केले. या रोगाचे ते पहिले स्पष्ट वर्णन मानले जाते. त्यास कारण होणारा जंतू मात्र १८८७ मध्ये व्हिएन्ना येथे अँटोन वाइकसेलबाउम याने रुग्णांच्या मस्तिष्क-मेरुद्रवातून वेगळा केला.

या जंतूचे वैशिष्ट्य असे, की तो ज्यांच्या शरीरात शिरतो त्यांपैकी फारच थोड्यांना आजारी करतो. कोणत्याही वेळी समाजातील दर शंभर माणसांमागे सुमारे दहा जणांच्या घशात तो असू शकतो. किशोर व तरुण यांच्यात आणि वसतिगृहे, लष्करी छावण्या व तुरुंग अशा दाटीच्या ठिकाणी हे प्रमाण अधिक असते. असे वाहक काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी आपोआप जंतुमुक्त होतात आणि त्यांच्या अंगी प्रतिकारशक्तीही निर्माण होते. खोकला, शिंक, चुंबन किंवा दीर्घकाळचा निकट सहवास यांतून जंतू दुसऱ्याकडे जातो.

क्वचित एखाद्या व्यक्तीत हा पाहुणा घशाच्या अस्तरातून रक्तात उतरतो. तेथे त्याच्याभोवतीचे शर्करायुक्त संपुट त्याचे रक्षण करते. या संपुटाच्या घडणीवरून जंतूचे गट पाडण्यात आले असून अ, ब, क, डब्ल्यू, एक्स आणि वाय या सहा गटांमुळे बहुतेक सर्व रोग उद्भवतात. रक्तातून जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला म्हणजे मस्तिष्कावरणशोथ होतो. तो रक्तातच झपाट्याने वाढला तर वर सांगितलेल्या अंतर्विषाचा पूर लोटतो, त्वचेखाली रक्तस्राव होऊन जांभळे डाग उमटतात, रक्तदाब खचतो आणि मेंदूची लक्षणे दिसण्यापूर्वीच रुग्ण दगावू शकतो. जंतू शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होण्यास साधारणतः चार दिवस, पण केव्हा दोन तर केव्हा दहा दिवसही लागतात.

लक्षणे कशी ओळखावी

एकाएकी चढलेला तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, प्रकाश सहन न होणे आणि मान ताठणे ही मुख्य लक्षणे होत. रुग्णास हनुवटी छातीला टेकविता येत नाही. पुढे ग्लानी, असंबद्ध बोलणे व झटके सुरू होतात. तान्ह्या बालकात मात्र मान ताठेलच असे नाही. मूल अंगावर पिणे सोडते, किरकिरे किंवा अगदी मलूल होते, चिरक्या आवाजात रडते, आणि त्याच्या डोक्यावरील टाळू फुगलेली दिसते. हातपाय थंडगार पडणे व पाय दुखणे ही चिन्हेही दुर्लक्षून चालत नाहीत.

अंगावर तांबडे-जांभळे ठिपके उमटले असतील तर एक सोपी परीक्षा करता येते. काचेचा स्वच्छ पेला त्या ठिपक्यांवर दाबून काचेतून पाहावे. साधे पुरळ दाबाखाली फिके होते. रक्तस्रावाचे ठिपके तसेच राहतात. सावळ्या कातडीवर हे ठिपके चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू आणि टाळा येथे ते शोधावेत. ठिपके नाहीत म्हणून रोग नाही असे मात्र समजू नये. ते उमटण्याची वाट पाहणे हीदेखील वेळेची हानीच होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘मेंदूज्वर’ हा शब्द लोकव्यवहारात अनेक रोगांना लावला जातो. डासांमार्फत पसरणारा जपानी मेंदूज्वर आणि १९६५ मध्ये नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा येथे प्रथम सापडलेल्या विषाणूचा रोग हे वेगळे. ते विषाणूंमुळे होतात आणि जीवाणूनाशक औषधे त्यांवर चालत नाहीत. मेनिंगोकॉकसवर ती चालतात, पण वेळेवर दिली तरच. रुग्णाला यांपैकी कोणता रोग झाला आहे हे घरी बसून ठरविता येत नाही. म्हणून अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठणे हाच एक मार्ग उरतो.

पाठीतील पाण्याची भीती

निदानासाठी कमरेच्या मणक्यांमधून सुईने थोडा द्रव काढून तपासावा लागतो. ही पद्धत १८९१ मध्ये हाइनरिख क्विंके या जर्मन वैद्याने प्रचारात आणली. पाठीतील पाणी काढले की माणूस लुळा होतो, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यापायी नातेवाईक परवानगी देण्यास कचरतात. वस्तुतः पाठीचा कणा ज्या ठिकाणी टोचला जातो, त्याच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो. रुग्णाला लुळेपणा, बहिरेपणा किंवा मतिमंदत्व आले तर ते रोगामुळे आलेले असते, तपासणीमुळे नव्हे. गावात ज्याच्या शब्दाला मान आहे अशा व्यक्तीने ही गोष्ट धीराने समजावून दिल्यास एखाद्याचा प्राण वाचू शकतो. रुग्णाची प्रकृती अत्यवस्थ असेल तर डॉक्टर तपासणीसाठी न थांबता प्रथम औषध सुरू करतात, हेही योग्यच असते.

उपचार न झाल्यास या रोगातील निम्म्यापर्यंत रुग्ण मृत्युमुखी पडतात. योग्य उपचार मिळूनही दर दहांत सुमारे एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी दर शंभरांत दहा ते वीस जणांना बहिरेपणा, मेंदूची इजा किंवा अन्य अपंगत्व कायमचे राहते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी घोड्याच्या रक्तापासून तयार केलेला प्रतिरक्त हाच एक उपाय होता. पुढे १९३७ च्या सुमारास सल्फा औषधे आणि १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलीन उपलब्ध झाले. आज सेफ्ट्रिॲक्सोन हे शिरेतून दिले जाणारे औषध मुख्यत्वे वापरले जाते. रुग्णाच्या घरातील माणसांना व निकट सहवासातील इतरांना रोग होण्याचा संभव सामान्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना प्रतिबंधक औषध शक्यतो चोवीस तासांच्या आत देतात. ते सरसकट साऱ्या गावाला वाटावयाचे नसते. तसे केल्यास औषधाला न जुमानणारे जंतू वाढीस लागतात.

साथी आणि पुण्याची लस

भारतात या रोगाच्या साथी वेळोवेळी उद्भवल्या आहेत. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ मध्ये, तर मेघालयात २००८-०९ मध्ये मोठ्या साथी आल्या. त्यांस मुख्यतः ‘अ’ गटाचा जंतू कारण होता. हज यात्रेतही १९८७ व २००० या वर्षी साथी पसरल्या. तेव्हापासून लसीकरणाचे नियम कडक होत गेले आणि आज हजला जाणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूस अ, क, वाय व डब्ल्यू या चार गटांवरील लस सक्तीची आहे. जिल्हा प्रशासनाने यात्रेकरूंच्या लसीकरणाची व्यवस्था वेळेवर लावणे हे त्यांच्या कुटुंबांच्या व गावांच्याही हिताचे असते.

या रोगाचा खरा प्रकोप पाहावयाचा तो आफ्रिकेत. पश्चिमेस सेनेगलपासून पूर्वेस इथिओपियापर्यंत पसरलेल्या, आज सव्वीस देशांत मोडणाऱ्या पट्ट्याला ‘मस्तिष्कावरणशोथाचा पट्टा’ असेच नाव पडले आहे. कोरड्या ऋतूत तेथे वाळवंटाकडून धुळीचे वारे वाहतात, घशाचे अस्तर दुखावते आणि रोग भडकतो. १९९६-९७ च्या साथीत त्या पट्ट्यात अडीच लाखांवर माणसे आजारी पडली आणि सुमारे पंचवीस हजार मृत्युमुखी पडली. त्या काळी उपलब्ध असलेली लस केवळ जंतूच्या संपुटातील शर्करेची बनविलेली असे. दोन वर्षांखालील मुलांत तिचा गुण फारसा येत नसे, तिचा प्रभाव थोडीच वर्षे टिके आणि वाहकांच्या घशातील जंतू तिने हटत नसत. शर्करेला प्रथिनाची जोड दिलेली लस अधिक प्रभावी ठरेल हे माहीत होते. परंतु गरीब देशांना परवडेल अशा किमतीत ती बनविण्यास मोठे कारखाने पुढे येत नव्हते.

हे काम महाराष्ट्रात झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी २००१ मध्ये हाती घेतलेल्या प्रकल्पात पुणे येथील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने ‘अ’ गटावरील संयुग्मी लस तयार करण्याचे काम स्वीकारले. संपुटातील शर्करेस धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाची जोड देऊन ही लस सिद्ध करण्यात आली. एका मात्रेची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षाही कमी ठेवण्यात आली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो देशात ‘मेनआफ्रिव्हॅक’ या नावाने तिचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण सुरू झाले. चार दिवसांपर्यंत चाळीस अंश सेल्सिअस तापमानातही ती टिकते, असे सिद्ध झाल्याने बर्फ न मिळणाऱ्या दूरच्या खेड्यांतही ती नेता आली. एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या पस्तीस कोटींहून अधिक लोकांना ती टोचण्यात आली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘अ’ गटाचा एकही रुग्ण निश्चितपणे आढळला नाही.

इतर गटांचे जंतू मात्र शिल्लक होते. त्यासाठी अ, क, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाच गटांवरील लस पुण्याच्या याच संस्थेने ‘पाथ’च्या सहकार्याने विकसित केली. जुलै २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने तिचा वापर सुरू केला.

आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात मेनिंगोकॉकसची लस समाविष्ट नाही. ती यात्रेकरू, साथीच्या क्षेत्रातील लोक आणि विशेष धोका असलेल्या व्यक्ती यांना देण्यात येते. परंतु मस्तिष्कावरणशोथ घडविणाऱ्या इतर दोन प्रमुख जीवाणूंवरील लसी, म्हणजे पंचगुणी लसीतील हिब आणि न्यूमोकॉकस यांवरील लसी, बालकांना शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात. त्या एकही न चुकविता द्याव्यात.

गोनोकॉकस : लाजेचा आडोसा

पूयमेहाचा जंतू १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर या जर्मन वैद्याने शोधून काढला. तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. त्याच्याच नावावरून या प्रजातीला नायसेरिया हे नाव मिळाले. रोग प्राचीन असला तरी त्याचा व्याप आजही ओसरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयोगटात या रोगाची सुमारे ८ कोटी २० लाख नवी प्रकरणे घडली.

पुरुषात संसर्गानंतर साधारणतः दोन ते सात दिवसांत लघवीला तीव्र जळजळ होऊन पू येऊ लागतो. त्यामुळे तो निदान औषध तरी शोधतो. स्त्रियांमध्ये मात्र निम्म्या किंवा त्याहून अधिक जणींना काहीच लक्षणे जाणवत नाहीत, अथवा थोडे पांढरे जाते, ज्याकडे दुर्लक्षच होते. दरम्यान जंतू गर्भाशयातून गर्भनलिकांत चढतो. तेथे सूज व व्रण होऊन नलिका बंद होतात. परिणामी वंध्यत्व येते किंवा गर्भ नलिकेतच रुजून जिवावर बेतणारा रक्तस्राव होतो. ज्या घरात मूल होत नाही तेथे दोष सुनेच्या माथी मारला जातो, नवससायास होतात, प्रसंगी दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. मूळ रोग पतीकडून आलेला असू शकतो आणि त्याने तो चोरून, अर्धवट उपचारांनी दडपलेला असू शकतो, याचा विचार फार थोडे करतात. पतिपत्नी या दोघांची तपासणी आणि दोघांचा एकाच वेळी उपचार झाला नाही, तर एक बरा होतो आणि दुसऱ्याकडून पुन्हा रोगी होतो. हा रोग एकदा झाल्याने पुढे संरक्षण मिळत नाही, कारण जंतू आपले बाह्य रूप सतत पालटत राहतो. शिवाय एचआयव्हीचा संसर्ग होण्याचा धोकाही या रोगामुळे वाढतो.

प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाच्या डोळ्यांत हा जंतू गेल्यास दोन ते पाच दिवसांत पापण्या सुजून डोळ्यांतून दाट पू वाहू लागतो. त्वरित उपचार न झाल्यास बुबुळावर व्रण पडून दृष्टी जाते. लायपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास जन्मतःच बालकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत सुरू केली. त्यांच्या प्रसूतिगृहात तोवर दर शंभर बालकांपैकी सुमारे दहांना होणारा हा विकार त्यामुळे शंभरांत एकाहूनही कमी झाला. आज गर्भवतीची वेळीच तपासणी व उपचार हा सर्वांत चांगला प्रतिबंध आहे. आशा कार्यकर्तीची बाळंतिणीच्या घरची तिसऱ्या दिवसाची भेट ही नेमकी या विकाराच्या काळातच येते. त्या भेटीत बाळाचे डोळे पाहण्यास विसरू नये. सुजलेल्या डोळ्यांत अंगावरचे दूध पिळणे किंवा काजळ घालणे हा उपाय नाही. बाळाला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

नवजात अवस्था ओलांडलेल्या बालकात हा रोग आढळल्यास लैंगिक अत्याचाराची दाट शंका घ्यावी लागते. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशा प्रकरणाची खबर देणे बंधनकारक आहे. गावाची अब्रू राखण्यासाठी ते मिटविणे हा कायद्याचा भंग तर आहेच, पण त्या मुलावरील दुसरा अन्याय आहे.

औषधांना न जुमानणारा जंतू

पूयमेहावर प्रथम सल्फा औषधे आली. काही वर्षांतच जंतूने त्यांना दाद देणे सोडले. मग पेनिसिलीनने चमत्कार घडविला. पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन होऊन हे औषध देशातच तयार होऊ लागले. परंतु १९७६ मध्ये पेनिसिलीनचे विघटन करणारे गोनोकॉकस आढळले. त्यानंतर टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सॅसिन हीदेखील निष्प्रभ होत गेली. आता सेफ्ट्रिॲक्सोन हे मुख्य औषध उरले असून त्यालाही न जुमानणारे जंतू काही देशांत सापडले आहेत. औषधाच्या दुकानातून चार गोळ्या घेऊन पू थांबताच त्या सोडून देणारा रुग्ण स्वतःचे नुकसान करतोच, शिवाय एक प्रभावी औषध समाजाच्या हातून घालवितो.

दोन्ही जंतूंच्या नात्याचा एक अनपेक्षित लाभ अलीकडे दिसून आला. न्यूझीलंडमध्ये ‘ब’ गटाच्या मेनिंगोकॉकसवरील लस घेतलेल्या तरुणांत पूयमेहाचे प्रमाण सुमारे एकतीस टक्क्यांनी कमी असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पुढील सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नसले तरी इंग्लंडने २०२५ मध्ये अधिक धोका असलेल्या व्यक्तींना अशी लस देण्यास प्रारंभ केला. भावाची ओळख पटलेले शरीर दुसऱ्या भावालाही काही अंशी ओळखते, असा याचा अर्थ होय.

गावपातळीवरील कर्तव्ये

या रोगांच्या बाबतीत शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांना मोठ्या खर्चाची योजना आखावयाची नाही. काही गोष्टी वेळेवर करावयाच्या आहेत.

आश्रमशाळा व वसतिगृहांत मुलांच्या झोपण्याच्या जागांत पुरेसे अंतर आणि खोल्यांना खेळती हवा असावी. ताप, तीव्र डोकेदुखी आणि मान ताठणे अशा लक्षणांचे मूल आढळताच पालकांच्या येण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी व त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. रात्रीच्या पाळीतील अधीक्षकास ही लक्षणे पाठ असावीत.

एखादा रुग्ण आढळल्यास त्याच्यासोबत राहणाऱ्या व झोपणाऱ्यांची यादी आरोग्य कर्मचाऱ्यांना त्वरित द्यावी. जंतू शरीराबाहेर टिकत नसल्याने कपडे-अंथरुणे जाळण्याची, घराला वाळीत टाकण्याची किंवा डासांची फवारणी हाच उपाय मानण्याची गरज नाही. झटके आलेल्या मुलास बाहेरची बाधा समजून अंगारा-धुपाऱ्यात रात्र घालविणे मात्र घातक आहे. गावातील भगतालाही विश्वासात घेऊन, असा रुग्ण आधी दवाखान्यात पाठविण्याचे वचन त्याच्याकडून घेता येईल.

गुप्तरोगांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाची केंद्रे उघडण्यात आली असून तेथे तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात आणि गुप्तता पाळली जाते. त्यांची माहिती ग्रामसभेत जाहीरपणे सांगण्यास संकोच वाटत असेल, तर ती महिला बचत गटांच्या बैठकीत, युवक मंडळांत आणि कामासाठी शहरात जाणाऱ्या मजुरांच्या गटांत द्यावी. रुग्णाची कुजबुज न करणे हीसुद्धा एक सार्वजनिक सेवाच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत मस्तिष्कावरणशोथाच्या साथींचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पुण्यात तयार झालेल्या लसीने आफ्रिकेतील एका गटाच्या जंतूला हटविता येते, हे सिद्ध झाले आहे. पण लस पोचण्याआधी आणि ती जेथे नाही तेथेही, रोग ओळखणारा डोळा आणि दवाखान्याकडे तातडीने वळणारे पाऊल यांचीच गरज असते. या जंतूंना राहण्यासाठी माणसाशिवाय दुसरे घर नाही. ते घर जागे असेल, तर त्यांचा निभाव लागणे कठीण आहे.